अधिक श्रावणातली खाट

मित्रांनो, मी एक जुनी खाट आहे, आणि आता माझ्याच्याने गप्प राहवत नाही. केशोरीच्या सुताराने मला बिजाच्या लाकडातून घडवलं. उमरावबाबांनी स्वतः अंबाडीची दोरी वळून मला विणलं. पाहुणे म्हणायचे, खाट असावी तर अशी! बाबांची दोन्ही पोरं, मनिराम आणि दुलीचंद, माझ्यावर उड्या मारूनच मोठी झाली.

मोठी झाली आणि वेगळी निघाली. धानाच्या बांध्या वाटल्या, बैल वाटले, आणि महिन्यांची नावं घेऊन बापही वाटला. चैत्र मनिरामचा, वैशाख दुलीचंदचा, ज्येष्ठ पुन्हा मनिरामचा. अमावास्या सरली की बाबा आणि मी अंगण ओलांडायचो. माझी दोरी सैल पडली, बाबांची कंबर भुईला टेकू लागली, तरी एकानेही ओढली नाही. "आता तिकडेच जाते, तोच ओढन." शाब्बास रे लेकरांनो!

त्यात अठ्ठावन्न साली अधिक श्रावण आला. आषाढ संपताच दुलीचंदने मला अंगणात आणून टाकलं.

"माहा श्रावण निज हाये," मनिराम म्हणाला. "हा अधिकचा आपल्या वाटणीतच नाही."

"नाव त श्रावणच हाये ना? मी काऊन ठेवू?"

दोघेही रोवणीला निघून गेले. बाबा अंगणातल्या गोठ्याच्या वळचणीखाली, माझ्यावर. "बापू हो, पाणी येऊन राहिलं, मले कोठीबी टाका," ते म्हणत होते. ऐकायला कोण? बैल!

धोंड्याचा महिना म्हणून लेक शामकला आणि जावई खेमराज अर्जुनीहून बैलबंडीने आले. आता गंमत पाहा. जावयाला आपल्याच घरी जेवू घालायचं म्हणून दोघे भाऊ हातघाईवर आले! शामकला मात्र माझ्यापाशीच थांबली. तिने बाबांचं ओलं धोतर पिळलं.

"धोंड्याचं वाण जावयाचं ना? त्याइले अनारसे नको. बाबा द्या."

"पोरीच्या घरी बाप? लोक का म्हणतीन!" मनिराम म्हणाला.

"लोक आताबी पाहूनच राहिले, भाऊ."

दोघा भावांनी मला बंडीवर चढवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मिळून उचललं, तेही घालवायला! अर्जुनीला पोचताच खेमराजने आधी माझी दोरी कचकचून ओढली, मग सासऱ्यांना म्हणाला, "बसा मामाजी."

निज श्रावण लागला आणि मनिराम हजर. "बाबा, चला. माही पाळी आली."

बाबा उठले नाहीत. थोडे सरकले. "पहिले बसून पाह्य, बापू."

मनिराम माझ्यावर बसला. घट्ट दोरीवरून त्याने हात फिरवला. पाळीचं नाव मग त्याने पुन्हा काढलं नाही.

मित्रांनो, पाळी कोणाची ते मागून ठरवा. आधी दोरी ओढा.