सुरतेच्या चोवीस साड्या

चोवीस साड्या होत्या. पांढऱ्या, निळ्या काठाच्या, प्रत्येक साडेपाच मीटर. निमगाव केतकीच्या बाजारात दुपार कलली, तरी कौसल्येच्या गठ्ठ्यातली एक घडीही मोडली नव्हती. विहारातल्या बायकांनीच या साड्या सांगितल्या होत्या, अशोक विजयादशमीला नेसायला. सणाला आता आठच दिवस उरले होते. नवरा गेल्यावर कौसल्येने पहिल्यांदाच सगळं भांडवल एका मालात घातलं होतं. तो पडून राहिला तर दुकान उठणार होतं.

त्या बायकांतलीच गोजरबाई आली ती तोंडाला पदर लावून, आणि चार हात लांब उभी राहिली.

"हात तरी लावून बघा की, मावशी."

"नगं बया! रेडिओवर रोज सांगत्यात, सुरतेत पलेग हाय."

"मी पोळ्याच्या आधीच आणल्यात. तवा कुठं हुता पलेग?"

"त्यो काय तुला सांगून येनार व्हय? तूच पाटी लावलीस न्हवं, थेट सुरतेचा माल म्हनून?"

पाटी तिने सकाळीच उतरवली होती. पण ती सगळ्यांनी वाचलेली होती.

घरी तिची सासू कुशाबाई म्हणाली, "देवीच्या साथीत माझी आई कापडं लिंबाच्या पाल्यात उकळायची. तू बी उकळ. बायकांच्या देखत उकळ, म्हंजी कुनाला शंका न्हाय."

कौसल्येला ते पटलं. दुसऱ्या दिवशी विहारामागच्या हापशाजवळ तिने तीन दगडांवर काहील चढवली. बायका लांबून बघत होत्या. पाला पडला, पाणी हिरवं झालं, उकळी फुटली.

"आता कसं!" गोजरबाई ओरडली. "पयली साडी माझी गं!"

संध्याकाळपर्यंत साड्या दोरीवर वाळल्या. पांढरं कुठेच राहिलं नव्हतं. सगळीकडे हिरवट पिवळी झाक, काठाची निळाई आत ओघळलेली आणि अंगभर बारीक चुण्या.

गोजरबाई अगदी जवळ आली. पदर तोंडावरून काढून तिने साडी चिमटीत धरली.

"कौसे, पलेगचं भ्या न्हाय आता. पन त्या दिवशी पांढरीच लागती गं."

"व्हय," कौसल्या म्हणाली.

घरी आल्यावर कुशाबाई उंबऱ्यातच बसली. "मी सांगितलंच नसतं तर..."

"आत्या, दुसरं टोक धरा."

दोघींनी एक साडी ताणली. कौसल्येने दुकानातली मीटरची लोखंडी पट्टी काठाला लावली आणि नखाने खूण धरत ती शेवटपर्यंत नेली. मग पहिल्यापासून पुन्हा एकदा मोजलं.

साडेपाच मीटरची आटून पाच मीटर अठरा सेंटिमीटर.