इनव्होलाटाइलची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी तपकिरी बाटली आहे. उभा जन्म अत्तरवाल्याच्या घरात काढला, पण माझ्या पोटातल्या तेलाला म्हणावा असा वासच नाही. वरच्या फळीवर गुलाब आणि चंदन तोऱ्यात बसायचे, मी आपली खालच्या कोपऱ्यात. माझ्या चिठ्ठीवर मालकांनी इंग्रजीत एकच शब्द लिहिला होता, ‘इनव्होलाटाइल’.

या शब्दाने पहिल्यांदा फसवलं ते मालकांच्या लेकीला. शाळेच्या स्नेहसंमेलनाला निघताना तिने घाईघाईत तो ‘व्हायोलेट’ असा वाचला, त्या फुलाचं अत्तर समजली आणि मला मानेला फासून ऐटीत गेली. मैत्रिणी हुंगून हुंगून दमल्या.

“ए, हिने शिवणयंत्राचं तेल लावलंय!”

घरी येऊन पोरगी धाय मोकलून रडली. मालक रागावले नाहीत. त्यांनी दोन टीपकागदांवर संत्र्याच्या सालीचं अत्तर टाकलं आणि एकावर माझाही थेंब सोडला. दुसऱ्या दिवशी नुसत्या अत्तराच्या कागदाचा वास पार उडाला होता, माझा थेंब पडलेला अजून दरवळत होता.

“इनव्होलाटाइल म्हणजे वाफ होऊन उडून न जाणारं,” मालक म्हणाले. “याला स्वतःचा वास नाही गं, पण दुसऱ्याचा धरून ठेवतं.”

मग काय, शब्द घरचाच झाला. जेवून झाल्यावरही बूड न हलवणारा पाहुणा आला की ती कुजबुजायची, “मामा आज इनव्होलाटाइल दिसताहेत!”

“अगं, तो शब्द तेलाला वापरतात, माणसांना नाही,” मालक दटावायचे आणि स्वतःच हसत सुटायचे. किती गोड दिवस होते ते!

पुढे पुढे मालकांना एक वाईट सवय लागली. अत्तर ढवळलेली काचेची कांडी न पुसताच ते माझ्यात बुडवायचे. मालकीणबाई करवादायच्या, “अहो, आधी कांडी पुसा! जित्याची खोड, दुसरं काय!” मालक “हो, हो” म्हणायचे आणि पुन्हा तेच करायचे.

एके दिवशी मालक गेले. त्यांचे सदरे धुतले गेले आणि त्यांतला त्यांचा वासही गेला. खोली रिकामी करताना मालकीणबाई एकेक बाटली उघडून तोच वास शोधत होत्या. कुणी सुकली होती, कुणी आंबली होती. शेवटी त्यांनी मला हुंगलं.

“हिच्यातही काही नाही गं,” असं म्हणून त्यांनी मला भंगारात ठेवलं.

आता मोठी झालेली लेक म्हणाली, “थांब आई, हिला जरा ऊब लागते.” तिने एक थेंब आईच्या मनगटावर चोळला.

हळूहळू संत्र्याची साल आली. मग गुलाब, मागोमाग चंदन. न पुसलेल्या कांडीने जे जे आणून टाकलं होतं, ते सगळं आलं. मालकांच्या हातांना यायचा तसाच वास!

मालकीणबाई मनगट नाकाशी धरून बसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

“जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. यांची तर मेल्यावरही गेली नाही बघ! इनव्होलाटाइल माणूस!”

“बाबा म्हणायचे, तो शब्द माणसांना वापरत नाहीत.”

“वापरतात गं. एखाद्यालाच.”

आता मी त्यांच्या उशाशी असते. मित्रांनो, एखादी जुनी बाटली नुसती हुंगून फेकू नका. आधी तिला थोडी हाताची ऊब द्या.