सोप्या पातळीचं फाटक

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरी आलेली वैजूताई सासरी परत निघाली आणि जाताना धाकट्या बहिणीचा, चारुलताचा, कॉम्प्युटर घेऊन गेली. चारुलता तेव्हा आईबरोबर नंदुरबारला डॉक्टरकडे गेलेली. इकडे थोरल्या भावाने, योगेंद्रने, ताईच्या मुलाला, भाच्याला, टिळा लावला, रीतीप्रमाणे त्याच्या पाया पडला आणि कॉम्प्युटर गाडीत ठेवून दिला. मामाने भाच्याला दिलेली वस्तू या मुलखात कुणी परत मागत नाही. मागितली तर घराला दोष लागतो म्हणतात.

संध्याकाळी ती घरी आली, तर खोलीतलं टेबल रिकामं. बैठकीत मात्र भिंतीएवढा टीव्ही आणि खाली काळा चकचकीत कन्सोल.

"तुन्हासाठेच लई उनू," कन्सोलकडे बोट दाखवत योगेंद्र म्हणाला. "आते पायवरी खेळानी गरज नही. पाव्हणा येतस, चांगलं दिसत नही."

चाऱ्याच्या कुट्टी मशीनने चारुलताचा उजवा हात मनगटापासून नेला होता. तेव्हापासून ती घराबाहेर पडली ती त्या कॉम्प्युटरवरच्या ऑनलाइन गेममधूनच. डावा हात कीबोर्डवर, उजवा पाय शिलाई मशीनच्या पायडलवर. पायडलची वायर दोधू वायरमनने जोडून दिलेली. कुठलं बटण कुठे हवं, कुठलं दाबून न धरता नुसतं एकदा दाबलं की चालावं, हे सगळं तिने महिनोन्‌महिने खपून बसवलं होतं. तिथे तिला कुणी 'बिचारी' म्हणत नसे. शिव्या घालत, त्याही बरोबरीच्या. खापर गावची मयूरी तिची जोडीदार. दोघींची कधी भेट नाही, पण जोड्यांच्या स्पर्धेत दोघी शेवटच्या फेरीत पोचल्या होत्या. फेरी रविवारी होती.

गेम कन्सोलवरही तोच होता. तेच किल्ले, तेच खातं. पण तिथे आधी सराव पुरा करा, मग आत या. सरावात एक फाटक. हातात धरायच्या पॅडच्या दोन्ही अंगची बटणं एकदम दाबून धरली तरच ते उचलतं. बटणं बदलायची सोय कॉम्प्युटरवर होती, इथे नव्हती. पायडल त्या पेटीला लागतच नव्हतं.

तिने पॅड मांडीत धरला. गुडघ्यात दाबला. हनुवटीने रेटला. फाटक वीतभर उचललं आणि खाली पडलं. मग तिने पातळी बदलून 'सोपं' निवडलं. शत्रू कमी झाले, फाटक तेवढंच राहिलं. ज्याने कुणी हे बनवलं, त्याच्या डोक्यात सोपं म्हणजे दोन हातवाल्या आळशी माणसाला सोपं.

आधी ती हरायची तेव्हा आपल्या खोलीत हरायची. आता बैठकीत हरत होती. वडील, चुडामण, खाटेवर बसून बघत होते. शेजारच्या रूपलीबाई चहा पिता पिता चुकचुकत होत्या.

"दे इकडे, मी काढी देस," म्हणत योगेंद्रने पॅड घेतला, फाटक पार केलं आणि पॅड परत द्यायचं विसरून पुढे खेळत राहिला.

"दादा, पुढे पण दोन्ही बटणं लागतीस."

"मंग मी शे ना! ऐतवारले बी मीच खेळी दिसू. नाव तुन्हंच ऱ्हाई."

चारुलताच्या अंगाची लाही झाली. तिने खुंटीवरची ओढणी ओढली. "उजवा हात मांगे कर. आई, बांध त्याले. आते काढ फाटक."

योगेंद्र हसत हसत बांधून घ्यायला तयार झाला. एका हाताने झटला, पॅड पडला, पुन्हा झटला. हसू ओसरलं. शेवटी ओढणी सोडवत म्हणाला, "मंग सोडी दे ना हाऊ गेम. दुसरा खेळ."

"भाऊनी इतला जीव लाया," आई, बेबीबाई, म्हणाली, "आनि तू तोंड वाकडं करस."

तेवढ्यात मयूरीचा मेसेज आला. 'चारू, शनिवारपर्यंत आली नाहीस तर मला दुसरी जोडीदार घ्यावी लागेल. राग मानू नकोस.' राग मयूरीचा नव्हताच. तो बैठकीत पसरून बसलेल्या प्रेमाचा होता. त्याला शिवी द्यावी तर देणारीच पापी ठरते.

चारुलताने सगळ्यांसमोर वैजूताईला फोन लावला.

"ताई, कॉम्प्युटर परत दे. नवीन कन्सोल भाचाले लई जा."

पलीकडून वैजूताई हळूच म्हणाली, "चारू, यांनी घरी आणताच सगळं पुसून टाकलं. तुझं काही उरलं नाही त्यात. आणि दिलेलं परत घेतलं तर सासरी मला काय काय ऐकावं लागेल?"

"पुसू दे. मी पुन्हा बसवीन. तू फक्त मशीन दे."

खाटेवरून चुडामण उठले. "भाचाले दिधेल वस्तू परत मांगस? घरले दोष लावस?"

"दोष मामाले लागस, आबा. मी मामा नही, मावशी शे."

त्यांनी हात पुढे केला आणि तिच्या डाव्या हातातला फोन काढून घेतला. तिने तो सोडला नव्हता. धरून ठेवायला दुसरा हात नव्हता, एवढंच.

"ताई, मशीन दे!" ती ओरडली. गल्लीतली माणसं दारात आली.

चुडामणांनी फोन बंद करून सदऱ्याच्या खिशात टाकला. योगेंद्रने टीव्हीचा आवाज वाढवला.