न चाखलेला दुधी

गौरी-गणपतीच्या सुट्टीत दासगावहून तीन मिनीडोर भरून माणसं आली आणि महिपतकाकांच्या परसात पाय ठेवायला जागा उरली नाही. सगळ्यांच्या माना वर, मोबाइल त्याहून वर. मांडवाखाली दुधी लोंबत होता. वजनाने तुटू नये म्हणून काकांनी त्याला जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती. पाच वर्षांच्या पोराएवढी त्याची लांबी, आणि पोटावर वीतभर उंचीचं तपकिरी, खरखरीत अक्षर उमटलेलं: 'सु'.

'सु' म्हणजे सुनील, काकांचा एकुलता एक मुलगा. मुंबईला नोकरीत होता. गेल्या वर्षी कावीळ घेऊन गावी आला आणि पंधरा दिवसांत गेला. तो माझा विद्यार्थी होता. पाच वर्षं मी त्याला विज्ञान शिकवलं होतं.

"पोराला शेवटची आंघोळ कुठं घातली?" सहदेवबाबा गर्दीला विचारत होते. "हितंच! ते पाणी हितंच मुरला. आत्मा म्हंजे बीज, बीज म्हंजे आत्मा, दोगांचं व्हायब्रेशन एकच! पोरगा मातीतनं परत आला, माऊली!"

हे बाबा पूर्वी महाडच्या स्टँडवर लॉटरीची तिकिटं विकायचे. तिथे नशीब फळलं नाही, इथे बरं फळलं.

"बाबा, वेलाच्या मुळाशी उकिरडा आहे," मी म्हणाले. "दोन म्हशींचं शेण वर्षभर कुजतंय. दुधी मोठा होणार नाही तर काय होईल?"

"आणि अक्षर पन शेणानंच लिवला का, बाई?" बाबांनी टोला दिला आणि गर्दी हसली. मला राग आला. तो राग महागात पडला, म्हणून आधीच सांगते.

तुळसाकाकू, सुनीलची आई, हसली नव्हती. ती झोळीखाली पाट टाकून बसली होती. वर्षभर जी धड जेवत नव्हती ती दुधीच्या पोटावरून हात फिरवत विचारत होती, "ऊन लागतंय काय रे?" तिच्याकडे पाहून मी तिथेच वाद थांबवला. पण बाबांना सोडायचं नाही, एवढं मात्र मनात पक्कं झालं.

नागपंचमीला घराची शांती करायला आलेले बाबा त्या वेलाजवळ तासभर एकटे बसले होते, हे काकांनीच मला सांगितलं. तेव्हा दुधी बोटाएवढा असणार. बाबांच्या करंगळीचं वाढवलेलं नख मी पाहिलं होतं. घरी येऊन मी माझ्या मांडवावरच्या कोवळ्या दुधीवर केसांच्या आकड्याने बारीकसा 'उ' ओरखडला, माझ्या उज्ज्वला नावातला. फळ वाढलं तसं अक्षरही वाढलं. पंधरा दिवसांत माझा 'उ' तळहाताएवढा झाला. मी खूश झाले. पितृपक्षात सुनीलच्या म्हाळाला हा दुधी घेऊन जायचं आणि भर पंगतीत बाबांचं पितळ उघडं पाडायचं, असं ठरवलं.

त्या दिवशी सकाळीच दुधी उतरवला होता. रीतीप्रमाणे आधी महिपतकाकांनी, घरच्या पुरुषाने, त्यावर विळा ठेवला, मग बायकांनी चिरला. म्हातारी गोदूबाई कुरकुरली होती, "म्हाळाला दुधी करीत नाय गो." बाबा म्हणाले, "ह्यो दुधी नाय, ह्यो सुनील हाय."

आमच्याकडे काकडी, दोडका, दुधी, देठाकडची चकती जिभेला लावल्याशिवाय कोणी पुढे चिरत नाही. पण नैवेद्य चाखत नाहीत, उष्टा होतो. त्या दिवशी कोणीच चाखला नाही.

मी पोहोचले तेव्हा पान कौलांवर ठेवलेलं होतं आणि पंगत खोळंबली होती. कावळा आला, भाजीची फोड उचलली, झटकून टाकली आणि उडून गेला. सगळ्या वाडीत तेवढ्या एकालाच अक्कल होती.

"सुनीलची इच्छा ऱ्हायली!" बाबा ओरडले. "आईच्या तोंडात पयला घास जाया पायजे. कच्चा रस काढा!"

मी मध्ये घुसले. माझा दुधी वर धरला. "हा बघा माझा चमत्कार! माझा आत्मा तर अजून जिवंत आहे, मग हे कुणी लिहिलं?" लोक वळले. मी नख कसं लागतं, साल कशी भरते, सगळं समजावू लागले. बाबांचा चेहरा उतरत होता आणि मला तो पाहायचा होता. मागे रस निघाला होता, तुळसाकाकूने पेला तोंडाला लावला होता.

"कडू हाय गो," ती म्हणाली.

"त्याचं दुःख हाय ते, माऊली. पिऊन टाक."

मी ते ऐकलं. ऐकलं आणि माझा मुद्दा पुढे चालू ठेवला.

अर्ध्या तासात तिला उलट्या सुरू झाल्या, मग उलटीतून रक्त. बाबा कुठल्या वाटेने गेले, कळलंही नाही. महाडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "चव कशी होती?" मी सांगितलं. ते म्हणाले, "दुधीच्या कडूपणातच विष असतं. शिजवूनही जात नाही. यावर उतारा नाही, सलाइन लावून वाट बघायची."

"बी कुठलं होतं, काका?" मी विचारलं.

"बी कुनी लावलाच नाय. आपसूक आला." मग काकांना आठवलं. "सुनीलनं त्याच्या पोरीला, श्रुतिकाला, सावित्रीच्या पान्यात पवायला शिकवायचा म्हनून वाळका भोपळा आनला व्हता, पाठीला बांदायचा. त्यो गेल्यावर त्याच्या गादीबरोबर मीच टाकला उकिरड्यावर."

तो भोपळा दुधीच्याच जातीचा, पण कडू. कडू म्हणून कोणी खात नाही, वाळवतात. आतलं बी रुजलं, वेल दिसायला दुधीचाच.

खाटेवरून तुळसाकाकूचा क्षीण आवाज आला. "म्हंजे येल सुनीलचाच व्हता, नाय बाई?"

मी "हो" म्हणाले. तिने माझा हात धरून ठेवला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मी पोलिसांत तक्रार दिली, बाबा सापडले, कोर्टात काय व्हायचं ते होईल. माझा वाद बिनतोड होता आणि बाईंनी बाबाला कसं गप्प केलं, हे लोक अजून सांगतात. मला ते ऐकवत नाही. अक्षर खोटं ठरवण्याआधी मी तो पेला तिच्या हातातून काढून घ्यायला हवा होता.

तिच्या बाराव्याला महिपतकाका स्वयंपाकघरात गेले आणि नैवेद्याचं पान वाढायच्या आधी प्रत्येक भांड्यातलं बोटभर घेऊन जिभेला लावू लागले. वरण, भाजी, खीर.

"महिपत, उष्टा केलास रे!" गोदूबाई ओरडली.

"उष्टा तर उष्टा." काका पुढच्या भांड्याकडे वळले. "चाळीस वर्सं ती चाखून मला वाढायची. एकच दिवस चाखलीन नाय, मी चाखू दिला नाय." मग ते पंगतीसमोर येऊन उभे राहिले. "बाबाचा ऐकू नका, माजा पन ऐकू नका. आपली जीभ काय सांगतेय ता ऐका. कडू लागला तर थुंका, समोर देव असू दे नायतर मेलेला पोरगा."

काकांनी पळी उचलली आणि पहिल्या पानावर वरण वाढलं.

"जेवा," ते म्हणाले. "मी चाखलाय."