वाढीव मजला

सन २०२३, ऐन वैशाख. माणगावात, मुंबई–गोवा रस्त्याच्या कडेला माझा स्लॅब ओतला गेला. मी पाचवा मजला.

त्या जागेवर चारच मजल्यांची परवानगी होती. बिल्डर दिनानाथने तळाला आठ लहान घरं कमी कमाईच्या माणसांसाठी बांधायचं कबूल केलं, म्हणून नियमाने त्याला वाढीव एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची मुभा मिळाली. तो वाढावा म्हणजे मी. त्या आठ घरांचं ऋण घेऊनच मी जन्मलो. मी ते कधी नाकारलं नाही.

दिनानाथने नाकारलं. मला त्याने स्वतःसाठी ठेवलं, संगमरवर लावला. खाली सोडतीत नाव लागून मासेवाला जलील आणि त्याची बायको महेरुन्निसा राहायला आली. बाकीच्यांना चावी द्यायचं तो टाळत राहिला. इमारत पूर्ण झाल्याचा अखेरचा दाखला हातात पडला, तसा त्या घरांच्या जागी त्याला दुकानं दिसू लागली.

दिनानाथचा मुकादम निकेश माणसं आणि घण घेऊन आला.

"चाचा, बाजूला व्हा. माझं भांडण भिंतीशी हाय."

"भिंतीला टेकून मी हाय," जलील म्हणाला आणि त्याने विटांवर पंजा ठेवला.

घण पंजावर पडला. हाड मोडल्याचं मला वर ऐकू आलं. महेरुन्निसाने मासळीचा कोयता निकेशच्या खांद्यात घातला. त्याच्या माणसांनी तिला केस धरून ओढत रस्त्यावर टाकलं. मग आठही घरांच्या भिंती पाडल्या. खांब तेवढे राहिले. प्रत्येक घावाला मी हादरलो.

माणसाला दाखवल्याशिवाय श्रीमंती पचत नाही. त्याच आठवड्यात दिनानाथने माझी वास्तुशांत घातली. नगरपंचायतीच्या ज्या साहेबांनी वाढीव एफएसआय दिला, त्यांनाच जेवायला बोलावलं. जिन्याची वाट त्या घरांपुढून जाते, हे तो विसरला.

राडारोड्यावर महेरुन्निसा बसली होती.

"जा साहेब, वर पुरणपोळी हाय. रक्त चुकवून जा, चपला खराब व्हतील."

साहेब वर आले नाहीत.

हुकूम निघाला. घरं मोडली, आता मजलाही उतरवा. घरं पुन्हा बांधा. दिनानाथ कोर्टात भांडला आणि हरला.

घण वर आले. मारणारा निकेशच, जामिनावर सुटलेला, खांदा वाकडा. संगमरवर फुटला, दारं उखडली, पोटातल्या सळ्या बाहेर आल्या.

खालून जलील म्हणाला, "विटा फेकू नको. त्याच लावायच्या."

"चाचा, नव्या येणार हायत."

"नव्या नकोत. ह्या आमच्याच नावावर वर चढल्यात."

मी घमेल्यांतून खाली उतरलो. जलीलने मोडक्या हाताने पहिली वीट बसवली.

ऋण फिटलं.