तिसरं प्रकरण

सरांनी संदर्भसूचीतल्या एका चुकलेल्या स्वल्पविरामाभोवती लाल गोल काढला, खाली आणखी एक काढला आणि लघुप्रबंध मिटून समोरच्या मुलीकडे पाहिलं.

“गोल नंतर बघ. आधी सांग, चौथ्या पानावरचा परिच्छेद कुणाचा?”

“माझाच, सर. चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरनं काहीच पकडलं नाही.”

“सॉफ्टवेअर छापलेलं पकडतं. मी न छापलेलं पकडतो.”

हे त्यांचं लाडकं वाक्य. दर कार्यशाळेत एकदा तरी खर्ची पडायचं. पाठीमागे पोरं आपल्याला ‘स्वल्पविराम सर’ म्हणतात, हे त्यांना ठाऊक होतं. आणि खोटं कशाला बोला, त्यानं ते थोडे सुखावतही. आडनावापुढे स्वल्पविराम, आद्याक्षरापुढे टिंब, पुस्तकाचं नाव तिरप्या अक्षरांत: एवढ्यानं जगातला निम्मा अप्रामाणिकपणा आटोक्यात येतो, असं त्यांचं मत होतं. उरलेल्या निम्म्याच्या वाटेला ते जात नसत.

मुलगी पेनाचं टोपण काढत-घालत राहिली.

“ताई बोलली होती,” ती शेवटी म्हणाली. “भांडी विसळताना. मला आवडलं, म्हणून लिहून घेतलं. पण सर, ती कुठं लेखिका आहे? घरातलंच माणूस.”

“घरातल्याचं उचललं की ती चोरी नाही होय? अगं, बाहेरचा चोर निदान कडी तरी वाजवतो.”

मुलीचे कान लाल झाले.

“मग कसं लिहू?”

“आडनाव, आद्याक्षर, वैयक्तिक संवाद, तारीख. एका ओळीचं काम. एवढ्यात कुणाचं काय जातं?”

तिनं तिथंच, उभ्याउभ्या, ती ओळ लिहिली. दारापाशी जाऊन वळली.

“ताईला दाखवीन, सर. ती म्हणते, मी बोललेलं सगळं भिंतींना जातं.”

सर हसले. ती गेल्यावरही हसू त्यांच्या तोंडावर राहिलं, कुणी विसरून गेलेल्या छत्रीसारखं.

संध्याकाळी घरी टेबलावर त्यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं पसरलेली होती. उद्या छापखान्यात द्यायची होती. पुस्तक रांगांवरचं. माणसं रांगेत कशी उभी राहतात, कशी घुसतात, कशी भांडतात. त्यातलं तिसरं प्रकरण गाजलं होतं, आणि त्यातलं एक वाक्य तर सर्वतोमुखी झालं होतं: रांगेतला माणूस मागच्याशी बोलतो, पुढच्याशी नाही.

त्या रांगांत उभी राहिली होती त्यांची बायको. तेव्हा दोघं एकाच मार्गदर्शकांकडे संशोधन करत होती. मग लेक झाली, दोघांपैकी कुणीतरी थांबायला हवं होतं, आणि ते कुणीतरी कोण यावर घरात फारशी चर्चा झाली नाही. तिची पानं सरांच्या प्रबंधात गेली, पुढे प्रबंधाचं पुस्तक झालं. ‘वाया जाण्यापेक्षा बरं,’ असं तेव्हा दोघांपैकी एक जण म्हणालं होतं. कोण, हे सरांनी आजवर नीट आठवून पाहिलं नव्हतं. मनोगतात मात्र त्यांनी पत्नीच्या सोशिकपणाचे आभार मानले होते. स्वल्पविराम जागच्या जागी होते.

बायको चहा घेऊन आली. कप ठेवायला जागा नव्हती, तशी तिनं दोन पानं बाजूला सारली.

“काय रे, मघापासून एकाच पानावर बसलायस. चूक सापडली?”

“एक संदर्भ राहिलाय.”

“मग घाल की. जगाला ब्रह्मज्ञान सांगत फिरतोस.”

“तिसऱ्या प्रकरणात.” सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “तुझं नाव घालायचंय. पहिल्याच पानावर, तळटीप नव्हे. हे प्रकरण तुझं आहे, असं.”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून बसली आणि ते पान स्वतःकडे वळवून वाचू लागली. सर तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. ती खूश होईल, किंवा रडेल, किंवा चिडेल. तिन्हींची त्यांनी तयारी ठेवली होती.

“नको,” ती म्हणाली.

“अगं, पण मी मनापासून...”

“ते कळलं रे. पण हे चुकलंय. चुकलेल्यावर माझं नाव कशाला?”

“काय चुकलंय?”

“मी कायम रांगेच्या शेवटी उभी राहायचे. सगळी रांग दिसावी म्हणून. हातात वही, बघावं तेव्हा लिहितेय. माणसं वळायची ती मला बघून. बाई, काय लिहिताय? सरकारी आहात का? मग गप्पा सुरू.” तिनं वाक्यावर बोट ठेवलं. “मागच्याशी नव्हती बोलत ती. माझ्याशी बोलत होती.”

सरांच्या हातातलं लाल पेन उघडंच राहिलं. टोकाखाली कागदावर ठिपका वाढत गेला.

“हे तुला कधी कळलं?”

“आपली लेक शाळेत जायला लागली तेव्हा. तिला घेऊन रांगांत उभी राहायचे ना, वहीशिवाय. कुणी वळून बघत नसे.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“काय बोलणार? तोवर पुस्तकावर तुझं नाव आलं होतं. तुझी चूक मी कशी दुरुस्त करू?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर सरांना बरं वाटलं असतं. टोमण्याला निदान उत्तर देता येतं. तिनं तसाच राहिलेला चहाचा कप उचलला, पानं पुन्हा जुळवून नीट एकावर एक ठेवली.

“किती जणांनी घेतलंय रे ते वाक्य?”

“बरेच,” सर म्हणाले.

नेमका आकडा त्यांना पाठ होता.