शेवंती आणि सोनीचा पत्ता

मित्रांनो, मी एक जुना पत्ता आहे, पण माझ्यावर दार नाही की गल्ली नाही. मी इंटरनेटवरचा पत्ता. मला बोट लावले की एक पान उघडते. एरवी मी झोपेत चालल्यासारखा हवेतून तरंगत असतो.

देवणीजवळच्या एका गावात समीक्षाने मला घडवले. उदगीरच्या पशुप्रदर्शनात गर्दी उसळली आणि तिच्या वडिलांची, रेवणसिद्धांची, शेवंती गाय व तिची कालवड सोनी भलत्याच टेम्पोतून निघून गेल्या. वडील रिकाम्या गोठ्यापुढे बसून राहत. जेवायला हाक मारली की म्हणत, "भूक न्हाई गं."

समीक्षा गावाची वेबसाइट सांभाळायची; तिच्यावर आसपासच्या गावांतल्या जनावरांचीही पाने होती. तिने दोघींचे फोटो टाकले, माझ्या शेवटी हौसेने 'शेवंती & सोनी' लिहिले आणि मला गावोगावच्या फोनांवर धाडले. पण नावांमधली मोकळी जागा आली आणि फोनला वाटले, पत्ता इथेच संपला. मी नुसता 'शेवंती' उरलो. त्या नावाची मुरुडची एक गाय वेबसाइटवर आधीच होती. लोकांना तीच दिसे. "ही तर मुरुडची. घरीच हाय की," असे म्हणून ते मला मिटून टाकत. मला फार वाईट वाटे.

शेवटी समीक्षाने लातूरच्या मनस्विनीआत्याला विचारले. आत्या वेबसाइट बनवायची.

"पत्त्यात मोकळी जागा चालत नाही गं," आत्या म्हणाली. "तिथं %20 लिही. & दिसला की यंत्राला वाटतं, इथून दुसरीच माहिती सुरू झाली. त्याचं %26 कर. मराठी अक्षरंही तशीच बदलून घे."

"मग नाव वाचणार कोण, आत्या?"

"यंत्र वाचतं. पोचल्यावर शेवंतीची शेवंतीच होते."

माझ्या 'श'चे %E0%A4%B6 झाले. मी लांबलचक झालो, स्वतःलाच ओळखू येईना. तसाच निघालो. खाली गोदावरी चमकत होती, उन्हात पिवळी शेते डुलत होती. हिमायतनगरला दगडोबा नावाच्या शेतकऱ्याने मला उघडले, आणि लगेच समीक्षाला फोन लावला.

"ताई, टेम्पोवाल्यानं चुकून इथं उतरवल्या बघा. तुमची गाय माझ्या दावणीला हाय. कालवडीला चाटून राहिली."

रेवणसिद्धांनी फोन कानाला लावला. पलीकडून हंबरणे ऐकू आले. ते उठून पानावर येऊन बसले. मग म्हणाले, "समीक्षा, वाढ गं मला."

त्या दिवसांत माझे फार कौतुक झाले. पुढे गायी घरी आल्या आणि मला कोणी उघडीना. एकदा गावातल्या वीरेशने पत्रक छापताना माझ्यातली टक्क्यांची चिन्हे कचरा समजून खोडली. मी कुठेच पोचेनासा झालो. समीक्षाने मला पुन्हा नीट केले.

मित्रांनो, मी दिसायला ओबडधोबड आहे. पण मला देखणे करायला जाऊ नका. जसा आहे तसाच पुढे पाठवा. पलीकडे कोणीतरी फोन हातात घेऊन बसलेले असते.